आयाळीखालचा भोवरा

सुनेनं आज कुळीथ शिजत लावलेत आणि त्या वासानं मला थेट अण्णांच्या तबेल्यात नेलं; तिथं घोड्यांसाठी रोज कुळीथ शिजायचे. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तंजावुरात पितळी समयांचं दुकान होतं आणि दुकानामागे ते घोड्यांची पैदास करायचे. गुडघे दुखायला लागले तशी एकेक जनावर विकलं. शेवटी पांढरी लक्ष्मी उरली. तिच्यासाठी त्यांनीच ओरत्तनाडूहून एक जाणकार गिऱ्हाईक बोलावलं.

त्यानं दात पाहिले, खूर पाहिले. "नेतो, ऐय्या," अण्णांना अदबीनं म्हणाला.

तेव्हा अण्णांनी आयाळ उचलून मानेवर बोट टेकवलं. "आधी हे बघा. इथं केसांचा अशुभ भोवरा आहे. अशी घोडी गेली त्या घरात सुख नांदत नाही. मागाहून मला बोल लावू नका."

मी गोंधळलेच. लक्ष्मीची आयाळ रोज मीच विंचरायचे. तिथले केस अगदी सरळ होते.

पाहुण्यानं वाकून पाहिलं, मग बराच वेळ अण्णांच्या तोंडाकडे. "आहे खरा," म्हणाला, आणि कॉफी पिऊन रिकाम्या हातानं निघून गेला.

अण्णा खोटं का बोलले, ते आता कळतं. पण त्या परक्या माणसाला तो भोवरा कसा दिसला?