दादरला हरवलं कोण?

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीही नाही — आणि त्यांना तर मी गॅसचा नंबर कधी लावला तेसुद्धा सांगते.

शहापुरात आमच्या आळीतली कुठलीही बाई मुंबईला निघाली की आधी माझ्याकडे येते. लग्नाआधी दोन वर्षं मी दादरला मामांकडे राहिले, तेवढ्या भांडवलावर मी मुंबईची जाणकार! माझे नियम ठरलेले. मंगळसूत्र पदराखाली. पर्स पुढे, चेन बंद. अनोळखी माणसाने हाक मारली तर थांबायचं नाही. बायका हसतात, पण पाळतात. मला ते आवडतं — खोटं कशाला बोलू?

माझं माहेर धसईजवळ. नव्वदच्या दशकात भाचीच्या, सुरेखाच्या, लग्नाच्या साड्या घ्यायला मी वहिनीला दादरला नेलं. तिची ती पहिलीच मुंबई. बाजारात मागून एक माणूस ओरडला, "ओ ताई! थांबा जरा!" मी काय केलं असेल? पळाले. नियमच होता ना! दोन-तीन गल्ल्या मागे पडल्यावर लक्षात आलं — वहिनी सोबत नाही. आणि आपण कुठे आलो तेही कळेना. शेवटी एका हवालदाराला रस्ता विचारत परतले.

वहिनी होती तिथेच होती. फुलवालीच्या पाटावर बसून चहा पीत होती. शेजारी तोच माणूस.

"वन्सं, तुमची पर्स उघडी हाय, त्याच सांगत व्हता बिचारा! तुमी कुठं धावल्यात? मी नाय हलली. जत्रंत चुकामूक झाली तर आमी जाग्यावरच उभी ऱ्हातो."

घरी पोचायला उशीर झाला. दादाने कारण विचारलं, आणि वहिनीने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "वहिनी हरवली होती."

"नाय हो, मी जाग्यावरच व्हती!"

सगळे खो-खो हसले. मुंबईत राहिलेल्या माणसापुढे तिचं कोण ऐकणार? मीही हसले.

गंमत म्हणून सोडून दिलं असतं. पण पुढे सुरेखाचं दुसरं बाळंतपण आलं. ती घाटकोपरला, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलेलं. इकडे भातकापणी, सोबत जायला कुणी मोकळं नाही. वहिनी म्हणाली, "मी एकटी जातं." दादा म्हणाला, "तू? दादरला हरवलीस ती?"

वहिनी माझ्याकडे वळली. "वन्सं, तुमी तरी सांगा की."

एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हणाले? "झोडणी उरकली की सगळेच जाऊ." सगळे गेलो तेव्हा बाळाचं बारसंही होऊन गेलं होतं. लेकीपाशी आई नव्हती, ती माझ्यामुळे.

माझ्या नियमांत पुढे एकाची भर पडली — चुकामूक झाली तर हलायचं नाही. बायकांना सगळ्यात जास्त पटतो तो हाच. मध्यंतरी वहिनी शहापूरला आली, तर शेजारीण तिलाच तो समजावत बसली, "तुम्ही हरवता ना, म्हणून सांगते हो!"

वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि मजेत हसली. "ब्येस हाय नियम. आमच्या वन्सं हुशारच."

मी पोह्यांची बशी पुढे केली.

नियम तिचा. हरवले होते मी.