कप्तानाची बायको

सालोमी तुस्कानो आणि मी एकाच शाळेत एकोणीस वर्षं शिकवलं. ती इंग्रजी शिकवायची, मी गणित. वसईजवळच्या आमच्या गिरीजमध्ये तिला सगळे टीचरच म्हणत, तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. लग्न तिने केलं नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि आई गेली तेव्हा छत्तीस. त्यानंतर कुणी स्थळ आणलं नाही, तिनेही कुणाला विचारू दिलं नाही.

घरात दुसरी होती फ्लॉसी, तिची धाकटी बहीण. फ्लॉसीचं लग्न आगाशीला झालं होतं. नवरा प्यायचा आणि मारायचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिथपर्यंत गावाची तिच्याबद्दल काही तक्रार नव्हती. पण सहा वर्षं सोसल्यावर ती घर सोडून निघाली ती माहेरी आली नाही. गोरेगावला एका बिस्किटाच्या कारखान्यात लागली आणि तिथल्याच एका फिटरबरोबर राहिली. दहा महिन्यांनी तो फिटर आपल्या गावी, आपल्या बायकोकडे निघून गेला. तेव्हा फ्लॉसी एक पत्र्याची पेटी घेऊन गिरीजला आली. हे एकोणऐंशी सालचं. सालोमीने दार उघडलं, तिला जेवायला वाढलं, आणि त्या दहा महिन्यांबद्दल पुढे कधी एक शब्द विचारला नाही. लोक याला तिचा मोठेपणा म्हणायचे. मीही म्हणायचे.

एक्याऐंशी साली त्यांचा भाऊ फ्रेडरिक बहारीनहून सुट्टीवर आला आणि येताना टीव्ही घेऊन आला. आमच्या आळीतला तो पहिलाच. शनिवारी संध्याकाळी त्यावर एक इंग्रजी मालिका लागायची. नाव लांबलचक होतं. आम्ही सगळे तिला नुसतं ‘यान’ म्हणायचो. पृथ्वीवरून एक यान निघालंय, परतायला त्याला तीस वर्षं लागणार आहेत, आणि आतली माणसं भांडत, प्रेम करत, मरत पुढे चालली आहेत, एवढीच गोष्ट. पण ती वर्षानुवर्षं चालली. मिरचीचे आणि वांग्यांचे वाफे शिंपून, हातपाय धुऊन माणसं सहाच्या आत सालोमीच्या ओटीवर हजर व्हायची. वीस-पंचवीस तरी असायची.

इंग्रजी कळणाऱ्या आम्ही दोघीच. घर सालोमीचं, टीव्ही सालोमीचा, म्हणून सांगायचं कामही तिचंच. ती टीव्हीच्या शेजारी उभी राहायची आणि पात्रं बोलत असतानाच मराठीत सांगत जायची. वर्गात शिकवायची तसंच, स्पष्ट, एकही शब्द वाया न घालवता. लोक पडद्याकडे कमी आणि तिच्या तोंडाकडे जास्त बघायचे.

चौथ्या की पाचव्या भागात ते झालं. यानाचा कप्तान कोल्टर, त्याला पृथ्वीवरून बायकोचा निरोप येतो. पडद्यावर ज्युडिथचा चेहरा दिसतो आणि ती सांगते की मी आता दुसऱ्याबरोबर राहते आहे, तू परत येशील तेव्हा माझी वाट बघू नकोस. फ्लॉसी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. खोलीतल्या प्रत्येकाला तिची हकिगत ठाऊक होती. सालोमी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “ही त्याची बायको. ही वारली. मरायच्या आधी तिने निरोप ठेवला होता, तो आता पोचलाय.”

बायकांनी कपाळावर क्रूस केला. कुणीतरी चुकचुकलं. मी सालोमीकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी गप्प बसले. फ्लॉसीला भर खोलीत शरमेने मान खाली घालावी लागली नाही, हे बरंच झालं असं मला वाटलं.

‘यान’ बघणाऱ्यांत दोन माणसं अशी होती की त्यांच्यासाठी मालिका शनिवारी संपायचीच नाही. एक प्लासिड डाबरे, वसई रोडला पार्सल ऑफिसात कारकून. दुसरा शत्रुघ्न वैती, खाडीकडचा, पोस्टात सॉर्टर. प्लासिड प्रत्येक भागाची नोंद एका जुन्या डायरीत करायचा. शत्रुघ्न काही लिहायचा नाही, त्याच्या डोक्यात सगळं असायचं. यानाला लहान होड्या अकरा, हे पहिल्याच भागात सांगितलं होतं. तीन होड्या फुटल्या, तरी दोन वर्षांनी कप्तान म्हणतो, अकराही तयार ठेवा. आठ राहिल्या पाहिजेत, शत्रुघ्न म्हणायचा. वाटेत तीन नव्या बांधल्या असतील, प्लासिड म्हणायचा. मग लोखंड कुठून आणलं? डॉक्टरचा भाजलेला हात डावा होता, आता उजव्यावर डाग कसा? हे वाद बसस्टॉपवर चालायचे, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर चालायचे. एकदा तर एका मयतीला कबरस्तानात जाताना दोघं होड्या मोजत होते, तेव्हा प्लासिडच्या बायकोने त्याचा कोट ओढून त्याला गप्प केलं. वाद फार ताणला की शेवटी टीचरकडे यायचा. टीचर म्हणेल ते खरं. तिला ते आवडायचं. माझ्याशी बोलताना ती हसून सांगायची की शाळेत कुणी इतकं लक्ष देऊन ऐकत नाही.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर एका शनिवारी ज्युडिथ परत आली. दुसऱ्या एका यानातून ती कोल्टरच्या यानावर उतरली. केस पांढरे झालेले, हातात एक पिशवी. कोल्टर बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि मग बाजूला सरून त्याने तिला आत घेतलं. तिने माफी मागितली नाही, त्याने मागायला लावली नाही. तो म्हणाला, जेवायची वेळ झाली आहे.

खोलीत गोंधळ उडाला. मेलेली बाई आली कशी? सगळे टीचरकडे बघायला लागले. मला वाटलं, आता ती सांगेल की तेव्हा माझी ऐकण्यात चूक झाली. एवढं सांगितलं असतं तर लोक हसले असते आणि विसरलेही असते. पण सालोमीची इंग्रजीत चूक झाली, हे सालोमी सांगू शकत नव्हती. खरं तर चूक झालीच नव्हती, आणि ते तर त्याहून सांगण्यासारखं नव्हतं.

“ही तिची बहीण आहे,” ती म्हणाली. “दिसायला तशीच.”

शत्रुघ्नला ते पटलं नाही. ज्युडिथच्या मानेवर तीळ होता, हिच्याही आहे. बहिणींना एकाच जागी तीळ असतो का? प्लासिडने डायरी उघडून वेगळाच तोडगा काढला. यान त्या काळ्या ताऱ्याजवळून गेलं तेव्हापासून काळ उलटा फिरतोय, म्हणजे ही मरायच्या आधीची ज्युडिथ. मग केस पांढरे कसे, शत्रुघ्नने विचारलं. दोन महिने गावात दुसरा विषय नव्हता. बहीणवाले आणि काळवाले असे दोन तटच पडले. सालोमी दर शनिवारी ज्युडिथच्या तोंडी बहिणीला शोभतील अशी वाक्यं घालत होती, आणि ती वाक्यं मागच्या वाक्यांशी जुळवताना दमत होती. शाळेत तिची चिडचिड वाढली. एकदा मी विषय काढला, म्हटलं, सालोमी, सांगून टाक. ती म्हणाली, कशाबद्दल बोलतेस ते मला कळत नाही. मी पुन्हा काढला नाही.

डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या शनिवारी, प्लासिडचा पुतण्या ॲन्सेल्म आला. तो सांताक्रूझला एका विमान कंपनीत होता. काका दोन महिने ज्या प्रश्नाने हैराण होता त्याचं उत्तर आणलंय, असं म्हणून त्याने पिशवीतून एक पुस्तिका काढली. परदेशात या मालिकेच्या चाहत्यांचं मंडळ होतं आणि त्यांनी प्रत्येक भागाची हकिगत छापली होती. ॲन्सेल्मच्या मनात काही वाईट नव्हतं. तो आनंदाने वाचून मराठीत सांगायला लागला. पाचवा भाग: कोल्टरची पत्नी ज्युडिथ त्याला सोडून दुसऱ्या पुरुषाबरोबर जाते. पुढे एकोणनव्वदावा भाग: ज्युडिथ परत येते, कोल्टर तिला स्वीकारतो, जेवायला बोलावतो.

प्लासिडला आधी काही समजलंच नाही. तो म्हणाला, “म्हणजे ती मेलीच नव्हती? टीचर, तुम्ही तर...”

शत्रुघ्नला मात्र लगेच समजलं. त्याने प्लासिडच्या गुडघ्यावर हात ठेवला. पण तोवर सगळ्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या होत्या. फ्लॉसी तिथे चहाची किटली घेऊन उभी होती. तीन वर्षांपूर्वी जे टाळण्यासाठी सालोमी खोटं बोलली, ते आता दुप्पट माणसांसमोर झालं.

फ्लॉसीने किटली खाली ठेवली. लोक चहा न घेताच उठले. मी पण उठत होते, तर फ्लॉसी म्हणाली, “लिडिया, तू थांब. तुला इंग्रजी येतं. तो वाचत होता ते खरं?”

मी हो म्हटलं.

“आणि तुला तेव्हापासून माहीत होतं?”

मी त्यालाही हो म्हटलं.

सालोमी खुर्चीत बसली होती. म्हणाली, “मी तुझ्यासाठी केलं, फ्लॉसी. लोक तुझ्याकडे बघतील म्हणून.”

“ते मला समजतं, बाय,” फ्लॉसी म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “ती गेली ते तू लपवलंस, ते समजलं. पण ती परत आली, त्याने तिला घरात घेतलं, जेवायला बसवलं. ते का लपवलंस? ते मला ऐकू दिलं असतंस तर तुझं काय जात होतं?”

सालोमी उठली आणि तिने टीव्ही बंद केला.

“मी आले त्या दिवशी तू मला जेवायला वाढलंस,” फ्लॉसी म्हणाली. “पाच वर्षं वाढते आहेस. एकदाही विचारलं नाहीस, फ्लॉसी, काय झालं होतं. मला वाटायचं, हिला माझ्या मनाला लागू द्यायचं नाही. तसं नव्हतं ते. मेलेल्या माणसाला कोण काय विचारणार?”

नाताळ तिने घरीच केला. मिस्साला दोघी एकत्र गेल्या, एका बाकावर बसल्या. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फ्लॉसी तीच पत्र्याची पेटी घेऊन कळंबला गेली. तिथे मुंबईच्या एका पारशी कुटुंबाची सुट्टीत राहायची कॉटेज होती. ती सांभाळायला आणि स्वयंपाकाला त्यांना बाई हवी होती. समुद्राच्या बाजूला एक खोली तिला मिळाली.

लोक पुढच्या शनिवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी पाच-सहा आले, सालोमी सांगत होती तेव्हा एकमेकांकडे बघत होते. खरं सांगते आहे ना, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. नंतर प्लासिडने रंगीत टीव्ही घेतला. ॲन्सेल्म दर शनिवारी यायचा आणि समजावून सांगायचा. त्याचं मराठी अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी, टीचरच्या निम्म्यानेही चांगलं नाही, पण त्याच्याकडे पुस्तिका होती. कुणी सालोमीला मुद्दाम बोलावलं नाही. मला बोलावलं होतं, मी दोनदा गेले आणि सोडून दिलं.

शाळेतही ती गोष्ट पोचली. सातवीत एकदा तिने एका वाक्याचा अर्थ सांगितला, तर मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, टीचर, नक्की मेली ना? तिने पुस्तक मिटलं आणि तास संपेपर्यंत फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. शहाऐंशी साली तिने मुदतीच्या चार वर्षं आधी राजीनामा दिला. टीव्ही तिने आगाशीच्या सिस्टरांच्या आश्रमाला देऊन टाकला.

त्याच वर्षी मे महिन्यात तिने मला बरोबर घेऊन कळंब गाठलं. नालासोपाऱ्याहून रिक्षा केली. घरच्या केळ्यांचा एक घड आणि आईची चांदीची जपमाळ तिने आणली होती. फ्लॉसी मागच्या अंगणात सुके बोंबील निवडत होती. तिची तब्येत सुधारली होती, हे मला पहिल्यांदा दिसलं आणि का कोण जाणे, त्याचाच राग आला.

तिने आम्हाला व्हरांड्यात बसवलं, चहा केला, बशीत नानकटाई ठेवली. सालोमीने वाटेत काय बोलायचं ते ठरवलं होतं, मला म्हणून दाखवलं होतं. पण तिथे बसल्यावर तिने विचारलं ते भलतंच. पाणी गोड आहे का इथलं? फ्लॉसी म्हणाली, आहे. भरतीला आत येतं का? नाही.  शेवटी सालोमी म्हणाली, “घर रिकामं आहे.”

“हो,” फ्लॉसी म्हणाली. “चार खोल्या आहेत.”

तेवढ्यात कॉटेजची मालकीण बाहेर आली, म्हातारी, काठी घेऊन. कोण आलंय म्हणून तिने चौकशी केली. फ्लॉसी उभी राहिली.

“गिरीजच्या टीचर आहेत,” ती म्हणाली. “ओळखीच्या.”

सालोमी हसली, मालकिणीला गुड आफ्टरनून म्हणाली, आणि हवेबद्दल दोन वाक्यं इंग्रजीत बोलली. उच्चार अगदी शुद्ध होते. फ्लॉसीने केळी ठेवून घेतली. जपमाळ परत दिली, म्हणाली, तुझ्याकडेच असू दे, तू रोज रोझरी करतेस.

 परतताना गिरीजच्या नाक्यावर उतरलो तेव्हा सालोमीने मला विचारलं, “लिडिया, पहिल्याच दिवशी तू का बोलली नाहीस? तुला ऐकू आलं होतं.”

मी म्हटलं, तुला वाईट वाटेल म्हणून.

“हं,” ती म्हणाली, आणि वाडीच्या पायवाटेने पुढे निघाली. त्यानंतर ती माझ्याकडे आली नाही. मी दोन-तीनदा गेले. दार उघडायची, बसायला सांगायची, आणि मी उठेपर्यंत समोर हात मांडीवर ठेवून बसून राहायची.