समीनाने परत केलेल्या पिशव्या

मैद्याच्या खळीचा उबदार, किंचित आंबूस वास तिसरीच्या त्या वर्गात भरून राहिला होता आणि माझा संयम हळूहळू त्यात विरघळत होता. तारनाक्याच्या माझ्या लेकीच्या शाळेने पालकांना बोलावले होते, आपापल्या व्यवसायातले काही मुलांना शिकवा म्हणून. मी औषधांच्या कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासते. तेव्हा 'उत्पादन आणि नियोजन' हा विषय मीच हौसेने मागून घेतला. दुपारच्या आनंदमेळाव्यात पालकांना रोपे द्यायची होती, त्यासाठी कागदी पिशव्या करायच्या, एवढे साधे काम. कापणारे, दुमडणारे, चिकटवणारे असे गट पाडले, फळ्यावर वेळापत्रक आखले. पण त्या निरागस जिवांना वेळापत्रकाचे काय सोयरसुतक? कापणारे मैत्रिणींशेजारी बसायला चिकटवणाऱ्यांत गेले, दुमडणाऱ्यांनी विमाने केली, आणि व्यवस्थापक नेमलेली माझी लेक इरा कंबरेवर हात ठेवून नुसते हुकूम सोडू लागली. "आई, यांना सांग ना, कोणी माझं ऐकतच नाही." हे वाक्य कोणत्या व्यवस्थापकाने उच्चारलेले नाही, तुम्हीच सांगा.

कशाबशा पिशव्या होऊ लागल्या, तर तपासणीस नेमलेली समीना आडवी आली. दोन वेण्यांची, दखनी बोलणारी, मितभाषी मुलगी. प्रत्येक पिशवीत मूठ घालून ती तळ दाबून पाही आणि शांतपणे पिशवी बाजूला ठेवी. "टीचर, ये नक्को. नीचे से खुल्ली है."

बाहेर मांडव भरू लागला होता, मुख्याध्यापिका सारख्या दारातून डोकावत होत्या. माझा पारा चढला. "चलता है समीना, जाने दो."

काम नेमून देताना मी सांगितलेलेच तिने मला ऐकवले. "आपीच तो बोले, खराब माल नक्को छोड़ो."

कारखान्यात मी माल अडवला की आमचे साहेब हेच म्हणतात, चालून जाईल, जाऊ द्या. त्या एका शब्दापायी मी त्यांच्याशी किती वर्षे भांडते आहे! आणि घाई माझी झाली, तेव्हा तोच शब्द किती सहज माझ्या ओठांवर आला.

मी मुख्याध्यापिकांना जाऊन सांगितले, पिशव्या वेळेत होणार नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. रोपे वर्तमानपत्रात गुंडाळून दिली गेली. ओली माती पालकांच्या ठेवणीतल्या कपड्यांवर सांडली. मी वर्गातल्या बुटक्या बाकावर गुडघे मुडपून बसले, एक तळ नव्याने चिकटवला आणि पिशवी समीनाला दिली. तिने मूठ घातली, दाबून पाहिले, क्षणभर विचार केला आणि पिशवी परत माझ्यापुढे ठेवली.

तिचे बरोबर होते. तरी मला तिचा राग आला, आणि खरे सांगायचे तर तो अजून पुरता गेलेला नाही.