मुहूर्ताआधीचा प्रश्न

ब्रह्मा घाटावरच्या आमच्या गुरुजींकडे लग्नाचा मुहूर्त काढायला गेलं, की ते गोत्राच्याही आधी विचारायचे, "मुलीची रुबेलाची लस झालीय का?" नवखी माणसं एकमेकांची तोंडं बघत बसायची. गल्लीतला पानवाला त्यांना 'टीकावाले पंडितजी' म्हणायचा, कारण हिंदीत लस म्हणजे टीका. गुरुजींना हे नाव मनापासून आवडायचं.

त्यांचा आवाज म्हणजे घाटाचं वैभव. सकाळी ते रुद्र म्हणू लागले, की माझी आई ऐकत उभी राहायची आणि दूध उतू जायचं. राग मात्र गुरुजींवर निघायचा.

लस घ्या की नका घेऊ, हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. "ग्रह मी बघतो, गोवर डॉक्टरीणबाई बघतील. त्यांना विचारा, नीट ऐका, मग ठरवा," एवढंच म्हणायचे.

माझ्या लग्नाच्या वेळी हा प्रश्न चांगलाच अंगाशी आला. रेल्वे कॉलनीतून आलेल्या माझ्या होणाऱ्या सासूबाईंचा चेहरा उतरला. "मुलीला काही बीमारी आहे का?" त्यांनी थेट विचारलं. बाबा 'नाही हो, नाही' म्हणत उठलेच. लग्न मोडतंय असंच मला वाटलं.

गुरुजींनी पंचांग मिटलं आणि हातानं खूण करून आपल्या मुलीला, शरयूताईला, बोलावलं. "वहिनी, ही पोटात असताना तिसऱ्या महिन्यात हिच्या आईच्या अंगावर पुरळ उठलं, जरासा ताप आला. आम्ही घामोळं समजून चंदन लावलं. तो रुबेला होता, गोवरासारखाच. सगळा घाट माझा आवाज ऐकतो, हिनं कधी ऐकला नाही."

तिथी सांगावी तसं ते बोलले. शरयूताई हसून सगळ्यांना पाणी देत होती. सासूबाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "मुहूर्त जरा पुढचा काढा, गुरुजी."

माझी लस झालेली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी ती दिली आणि नंतर निदान महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत, असं बजावलं. ही लस गरोदरपणात देत नाहीत, म्हणूनच आधी विचारायचं, हे तेव्हा मला कळलं.

पुढे मला दिवस गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी फ्लूची आणि डांग्या खोकल्याची लस सुचवली. नेमका पितृपक्ष लागलेला. शेजारणी म्हणाल्या, पोटुशी बाई आणि त्यात हे दिवस, सुई टोचून घेऊ नकोस. मी घाबरले. बाळाला काही झालं तर? गुरुजींना विचारलं, तर म्हणाले, "पितृपक्षातलं श्राद्ध मला विचार. हे तिथे विचार."

सासूबाई बरोबर आल्या आणि त्यांनीच डॉक्टरीणबाईंची उलटतपासणी घेतली. ह्या लशी आधीच्यासारख्याच का? नाही, ह्यांत जिवंत जंतू नसतात. बाळाला काय मिळणार? त्याच्या स्वतःच्या लशी होईपर्यंत आईकडून आलेलं संरक्षण. त्रास काय होईल? हात दुखेल, थोडी कणकण येईल. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मला पटलंय. पण ठरवायचं तू."

मी दोन्ही घेतल्या. हात दुखतो म्हणून पोळ्या सासूबाई करत होत्या, त्यामुळे मी जरा जास्तच कण्हले.

आता गुरुजी नाहीत. पण ते आठवले, की मला माझ्या मुलीचं बारसं दिसतं. बाळ शरयूताईच्या मांडीवर होतं. गुरुजींनी खड्या आवाजात आशीर्वादाचा मंत्र सुरू केला आणि बाळ दचकून रडायला लागलं. माझी आई घाईनं म्हणाली, "हळू म्हणा, गुरुजी." शरयूताईच्या हातांना ते दचकणं कळलं होतं. तिनं वडिलांकडे बघून आधी बाळाकडे आणि मग स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं, आणि हसली.

एकही अक्षर कधी न चुकणारे गुरुजी मधेच अडकले. त्यांना पुढचं आठवेचना.

"रडू दे तिला," शेवटी ते म्हणाले. "ऐकू आलंय तिला."