नवसाच्या बोकडाचा गुर्दा

माझ्या गौरवग्रंथात माझ्याच एका विद्यार्थ्याने लिहिले आहे की, मोहाडीजवळच्या खेड्यात अडाणी जमावाने मला किडनीचोर समजून झोडपले आणि मी हात जोडून सुटलो. हा विद्यार्थी तिथे नव्हता, मी होतो. मला कोणीही चोर समजले नव्हते, आणि पहिला ठोसा माझा होता.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नागपूरच्या प्रयोगशाळेत मी एकाच प्रश्नामागे लागलो होतो: मूत्रपिंडाची पेशी म्हातारी होते, म्हणजे तिच्यात नेमके काय बिघडते? कोवळी मूत्रपिंडे खाटकाकडे रोज मिळत. म्हातारे मिळत नसे, कारण बोकडाला म्हातारपणापर्यंत जगू देतो कोण? त्या खेड्यातल्या एका धानउत्पादक शेतकऱ्याने जगू दिले होते. त्याची मुलगी लहानपणी मूत्रपिंडाच्या विकाराने अंगभर सुजली, तेव्हा त्याने देवाला बोकड बोलला होता. पोर वाचली आणि तिचे लग्न झाले, की कापायचा. पोर वाचली, वाढली, आणि देवाच्या नावाने मोकळा सोडलेला तो बोकड तिच्याबरोबर म्हातारा झाला. तिच्या लग्नानंतर नवस फेडायचे ठरले, तेव्हा शेतकऱ्याने मला एक गुर्दा कबूल केला. धाकट्या भावाला मात्र त्याने हे सांगितले नाही. घोळ झाला तो एवढाच.

कुऱ्हाडीच्या एका घावात मुंडके उडाले. रक्ताची चिळकांडी माझ्या पायांवर आली. धाकट्या भावाने पोट फाडले आणि कलेजी व दोन्ही गुर्दे वाफाळत पळसाच्या पानावर ठेवले. हे आधी निखाऱ्यावर भाजून देवाला दाखवायचे, मग माणसांनी जेवायचे, अशी तिथली रीत. मी बर्फाचा डबा उघडून पुढे झालो. उष्ण देहाबाहेर पडलेली पेशी काही मिनिटांत स्वतःलाच पचवू लागते. मला थांबता येत नव्हते.

“हे देवाचं आहे,” धाकटा म्हणाला. “तू काहून हात लावून राहिला?”

“तुझ्या भावाने एक मला दिला आहे.”

“गुर्दे पायजेन काय? थांब, तुहेच काढून देतो.”

लोक हसले. त्याने डबा लाथाडला, बर्फ रक्तात पसरला, आणि मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचा दात माझ्या बोटात रुतला. मग कुऱ्हाडीचा दांडा माझ्या खांद्यावर बसला आणि गळ्याजवळचे हाड मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. खाली पडताना मी त्याला घेऊनच पडलो. पाठीत लाथा बसत होत्या, तरी उजव्या हाताने धरलेला त्याचा गळा मी सोडला नाही. डावा हात लटकत होता. अशा माणसाने हात जोडले कसे, हे त्या विद्यार्थ्याने कधीतरी करून दाखवावे.

शेतकऱ्याने येऊन कुऱ्हाड आमच्या डोक्यांशेजारी जमिनीत रोवली.

“सोडा एकमेकाईले. डाक्टरसाहेब, तुमी बी.”

“दादा, देवाले अर्धंच देतं काय?” भाऊ रक्त थुंकत म्हणाला.

“देवाले एकच तोंड आहे. एक पुरते त्याले. माह्या पोरीले ज्यानं छळलं, ते काय आहे ते पाहू दे या साहेबाईले.”

भाऊ बाजूला सरला, पटले म्हणून नव्हे, थोरल्याने सांगितले म्हणून. मातीत मिसळलेला बर्फ मी एका हाताने डब्यात भरला, गुर्दा पिशवीत घालून त्यात दाबला आणि चालकाला हाक मारून प्रयोगशाळेच्या जीपमध्ये बसलो. शेतकऱ्याखेरीज कोणी मध्ये पडले नाही, पोलीस आले नाहीत.

नागपुरात सहकाऱ्याने आधी इस्पितळात चला म्हटले. मी त्याला शिवी दिली आणि काप घ्यायला लावले. मेलेली पेशी निळा रंग शोषते, जिवंत पेशी तो आत येऊ देत नाही. काचेखाली गाभा निळाशार होता, म्हणजे संपलेला. मी भिंग कडेकडे सरकवत गेलो. बर्फाला टेकलेल्या बाहेरच्या थरात निळ्याच्या मधोमध बिनरंगी पेशींचा एक पट्टा दिसला. म्हाताऱ्या, आणि जिवंत. त्या पेशी वेगळ्या काढून पोषकद्रवात ठेवून होईपर्यंत मी माझ्या हाडाला कोणालाही हात लावू दिला नाही.