वाचन : दानीएल, अध्याय चौथा

आणीबाणीच्या काळात शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीतल्या दोन खोल्यांत दोघेच राहत होतो, वडील आणि मी. आई आधीच गेली होती. वडील निवृत्त शिक्षक. रविवारी चर्चमध्ये शास्त्रवाचन तेच करत. मी नाशिकच्या एका दैनिकात उपसंपादक होतो.

दर शनिवारी सकाळी ते उद्याच्या उपासनेचे निवेदन पोस्टकार्डावर लिहून देत : वेळ, गीतांचे क्रमांक, शास्त्रवाचन. चौथ्या पानाच्या तळाशी ते छापले जाई. पानांची प्रुफे दुपारी सरकारी तपासणी अधिकाऱ्याकडे न्यावी लागत. त्याच्या शिक्क्याशिवाय छपाई होत नसे.

एका शनिवारी कार्डावर होते, 'वाचन : दानीएल, अध्याय चौथा.' त्यात बाबेलचा राजा वाड्याच्या गच्चीवर फिरताना म्हणतो, हे सारे मी उभारले. शब्द तोंडात असतानाच त्याचे राज्य जाते. तो बैलासारखा गवत खातो, आणि राज्ये देणारा व घेणारा देव आहे हे उमगेपर्यंत तसाच राहतो.

मी ती ओळ काढली.

अधिकाऱ्याने प्रूफ पाहिले. "आज वाचन नाही वाटतं तुमच्याकडे?"

"जागा नव्हती."

"एवढ्याशा ओळीला?" तो हसला. शिक्का मारला.

रविवारी चर्चमधून आल्यावर वडिलांनी अंक उघडून विचारले, "तपासणीवाल्या साहेबानं काढलं?"

"नाही. मी."

"साहेबानं काढलं असतं तर बरं वाटलं असतं."

पुढच्या शनिवारी कार्ड मिळाले नाही. ते स्वतः जाऊन चर्चच्या फळ्यावर खडूने लिहू लागले. घरातले बोलणे दूध आणि रॉकेल एवढ्यावर आले. जेवायला ते माझी वाट पाहीनात.

निवडणूक झाली, सरकार पडले. कचेरीत पेढे वाटले गेले. एक घरी नेला.

"बाबा, राजा गवत खायला गेला."

त्यांनी पेढा ताटलीत ठेवला. "अध्याय शेवटपर्यंत वाच. त्याला शुद्ध येते, गादी परत मिळते. तेही देवच करतो. तुझ्या कचेरीला विचारून नाही."

तीन वर्षांनी जुने सत्ताधारी परत आले. वडील दर शनिवारी फळ्यावर लिहीतच होते. अक्षर तेवढे वाकडे होऊ लागले होते. कार्ड आलेच नाही. पुढच्या हिवाळ्यात ते वारले.

स्मरणार्थ उपासनेचे निवेदन मी लिहिले, वाचनाच्या ओळीसह. आता पान कुणाला दाखवायचे नव्हते.

सकाळी चर्चचे पाळक अंक घेऊन आले. "अहो, हा अध्याय अशा वेळी कुणी वाचतं का?"

"छापून आलंय."

"मग तुम्हीच वाचा."

वाचला. राजाला गादी परत मिळते तिथे अध्याय संपतो. पुस्तक मिटून वर पाहिले. पहिल्या बाकावरची वडिलांची जागा लोकांनी मोकळी सोडली होती. खाली उतरून मी तिच्या शेजारी बसलो.