पाचटाखालचा पत्रा

हे मी सुनंदालासुद्धा सांगितलेलं नाही. सुनंदा माझी बायको – मी न सांगितलेल्या गोष्टीही तिला बहुतेक कळलेल्या असतात. ही कळली असेल का? असेलही. तिने कधी विचारलं नाही आणि मी कधी बोललो नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि आमच्या गावात तुमचं जाणंयेणं नाही. म्हणजे इथेही मी सोपीच वाट धरली, हे माझ्या लक्षात आलेलं आहे.

सुरुवात कुठून करू? बैलापासून केली तर – नको. पिकअपपासून करतो.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, लोणीच्या अलीकडे. टोमॅटो, कांदा, थोडा ऊस. माल नारायणगावच्या बाजाराला न्यायचा म्हणजे दरवेळी भाड्याची गाडी शोधा, ड्रायव्हरच्या मिनतवाऱ्या करा, याला मी कंटाळलो होतो. नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. पण जुनी घेऊन स्वतःच्या हाताने उभी करायची धमक आपल्यात आहे, असं मला वाटायचं. नुसतं वाटायचं नाही, मी ते गावभर सांगायचो. कुणाला जुनी मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर घ्यायचा असला की लोक मला बरोबर न्यायचे. मी बॉनेट उघडून इंजिनाला कान लावायचो, सायलेन्सरमध्ये बोट घालून काजळी बघायचो आणि मग सावकाश मान हलवायचो. माझ्या त्या मान हलवण्यावर सौदे मोडायचे. मला त्याची चटक लागली होती, दुसरं काय.

सुनंदाचा थोरला भाऊ आळ्याला असतो. त्याला त्याची पिकअप विकायची होती.

“दाजी, घरातली गाडी हाय,” तो म्हणाला. “झेंडूबिगर दुसरं काय वाहिलं न्हाई तिच्यात. डोळं झाकून न्या.”

आणि मी डोळे झाकले. लोकांच्या गाड्यांखाली पाठीवर सरपटत जाणारा मी, मेव्हण्याच्या गाडीखाली साधा वाकलो नाही. सासुरवाडीच्या अंगणात, सगळे चहा घेऊन उभे असताना, त्याच्या शब्दावर शंका घेतल्यासारखं खाली वाकायचं – बरं दिसलं असतं का? मागच्या हौद्याला ताजा निळा रंग मारलेला होता. ताज्या रंगाला भुलू नका, हे मी आजवर किती जणांना शिकवलं असेल.

गाडी आणून शेडमध्ये उभी केली आणि कामाला लागलो. खर्चाला हात आखडूनच करायचं होतं. मंचरच्या भंगारवाल्याकडे बसून बसून दुसऱ्या गाडीचा डायनामो मिळवला. टायर रिमोल्ड करून घेतले. सीटची कव्हरं सुनंदाने जुन्या ताडपत्रीची शिवली. आणि बबन रोज यायचा. बबन म्हणजे माझा दोस्त, बांधाला बांध लागून. शाळेपासूनचा. हंगामात तो कारखान्याला ऊस नेणारे ट्रॅक्टर चालवायचा, त्याच्यावर त्याचं घर चालायचं. ब्रेकचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं. मी चाकापाशी, तो पेडलवर. हात काळे, तोंडं काळी, आणि हसणं चाललेलं. तसे दिवस मला पुन्हा आले नाहीत.

हौद्याचा तळ खरवडायला घेतला त्या दिवशी बबन नव्हता. मी एकटाच होतो.

मागच्या अर्ध्या भागात पटाशी टेकवली आणि ती आरपार गेली. रंगाखाली पुट्टी होती. पुट्टीखाली गंजाचे पापुद्रे, आणि त्या पापुद्र्यांतून नाकात झणझणीत वास घुसला – कोंबडीखताचा. कोंबडीखत पत्रा कसा खातं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मेव्हण्याने त्या गाडीत झेंडू वाहिला असेलही, पण वर्षानुवर्षं कोंबडीखतच वाहिलं होतं. आणि पुट्टी कुणी चुकून लावत नाही.

मला काय वाटलं सांगू? मी तिथेच तळावर बसलो. आमच्या लग्नात माझा कान पिळायला हाच उभा होता. माझ्या बहिणीला नीट सांभाळा, असं सगळ्या मांडवासमोर बजावून त्याने असा कान पिळला होता की संध्याकाळपर्यंत लाल होता. मी त्याला मानाचं उपरणं दिलं होतं. तोच माणूस गुडघ्यावर बसून, हातात पुट्टीची पत्री घेऊन, माझ्यासाठी त्या भोकांवर पुट्टी ओढत असेल – हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. परक्याने फसवलं असतं तर मी शिव्या देऊन मोकळा झालो असतो. आपल्या माणसाने फसवलं की शिवीसुद्धा बाहेर पडत नाही. आतच राहते आणि कुजते.

फोन लावला. तिकडे वाजायच्या आत कापला. का? नातं तुटेल म्हणून? सुनंदाचं माहेर तुटेल म्हणून? तसं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं एवढंच की मी त्याला जाब विचारला असता तर ते चार लोकांत गेलं असतं. आणि मग गाव हसलं असतं, की आमचा गाड्यांचा जाणकार मेव्हण्याच्या पुट्टीला फसला.

सगळा तळ काढून जाड पत्रा टाकायला हवा होता. खर्च होता, हे खरं. पण तळ उघडा केला असता तर येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं असतं. म्हणून मी एक जुना पिंप कापला, ठोकून सपाट केला आणि तो पातळ पत्रा भोकांवर बसवला. कडेचा जुना पत्राच सडका, वेल्डिंग धरेना. तिथे रिबिटा मारल्या. वरून लाल प्रायमर, त्यावरून निळा रंग. म्हणजे केलं काय? मेव्हण्याने केलं तेच. माझ्या मनात तेव्हा हे आलंसुद्धा नाही. मला टोमॅटोचे क्रेट वाहायचे होते, त्यांचं वजन सगळीकडे बसतं. चालून जाईल, म्हटलं.

गाडी बाहेर काढली तेव्हा गाव बघायला आलं. नवीच केली की, म्हणाले. मेव्हणाही आला, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, “दाजी, हात लई भारी हाय तुमचा.” माझ्याकडे बघून हसला. मी त्याला चहा पाजला.

आता बैलाकडे येतो. यावंच लागेल.

आमच्या भागात बैलगाड्यांच्या शर्यती म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. एका गाड्याला चार बैल, पुढे घोडी, आणि घाटाची, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या वाटेवरची, धाव काही क्षणांत संपते. त्या क्षणांसाठी माणसं वर्षभर बैल पोसतात. बबनकडे एकच बैल होता – पाखऱ्या. पांढरा, कानाला नुसता वारा लागला तरी तापणारा. बाकीचे तीन बैल तिघा मोठ्या शेतकऱ्यांचे. त्या तिघांत बबन बसायचा तो फक्त पाखऱ्यामुळे. आधी पोरांना दूध की आधी पाखऱ्याला, हा त्याच्या घरातला रोजचा वाद होता आणि तो पाखऱ्याच जिंकायचा.

चैत्रातल्या एका जत्रेच्या सकाळी ठरलेला गाडीवाला आला नाही. बाकीचे तीन बैल पुढे गेलेले. बबन धावत माझ्याकडे आला.

“दत्ता, गाडी दे. न्हाई तरी तुझ्या गाडीसारखी मजबूत गाडी गावात हाय कुणाची?”

तेव्हा मला बोलता आलं असतं. एकच वाक्य होतं – बबन, मागचा तळ सडलाय. पण त्याच्या मागोमाग त्याने विचारलं असतं, सडला कसा? आणि मग पुढचं सगळंच आलं असतं. त्याच्या मागे आणखी दोघं उभे होते.

“ने की,” मी म्हणालो. “विचारतो काय.”

बैल न्यायचा म्हणजे आमच्याकडे हौद्यात उसाचं पाचट अंथरतात, त्याचे पाय घसरू नयेत म्हणून. त्या दिवशी पाचट मी अंथरलं. मागच्या बाजूला जास्त, चांगलं गुडघाभर. बबनला वाटलं मी मायेने करतोय. पाचट जाड असलं की वजन पसरेल, असं मी मनाशी म्हणत होतो. पाचटाने वजन पसरत नाही. मला माहीत होतं.

बबनच्या बायकोने बैलाला ओवाळलं, आणि गाडीलाही ओवाळलं. बांधाला गाडी लावून पाखऱ्याला चढवला. बबन स्वतः चालवायला बसला. आपला बैल तो दुसऱ्याच्या हाती देत नसे. मी मोटारसायकलवर मागे निघालो. सगळ्यांना वाटलं, दत्ता हौसेने निघालाय. मी पूर्ण रस्ता त्या हौद्याकडे बघत होतो.

एका वस्तीपाशी स्पीडब्रेकर आहे. गाडीची मागची चाकं त्यावरून उतरली आणि मला खालून, बंपरच्या पलीकडे, पाखऱ्याचा खूर दिसला. रस्त्यापासून वीतभर वर. क्षणभर तो तिथे लोंबकळला. मग बैलाने जीव खाऊन पाय वर ओढला, आणि पत्र्याच्या फाटक्या कडांनी खुराच्या वरची शीर कापून काढली.

बबनने गाडी थांबवून उडी मारली तेव्हा पाय वर आला होता, बैल खाली बसला होता आणि पाचट लाल होत होतं. बबन हौद्याच्या मागच्या फाळक्यावरून आत चढला. त्याने बैलाचं तोंड छातीशी धरलं आणि माझ्याकडे बघितलं. कसं झालं, हे त्याला खरंच कळत नव्हतं.

आणि मी म्हणालो, “बबन, स्पीडब्रेकर बघितला न्हाई का तू? केवढ्या जोरात घेतलीस.”

त्याचा चेहरा मी बघितला. माझं वाक्य त्याच्यात उतरताना मला दिसलं.

लोक जमले, बैलाला धरून बांधावर उतरवला. त्या गडबडीत मी हौद्यात उभा राहून पायाने पाचट भोकावर लोटलं. कड लागली असेल फाळक्याची, असं कुणीतरी म्हणालं – मीच म्हणालो असेन. गाडी मी घरी आणली. दुसऱ्या दिवशी शेडचं दार लावून सगळा तळ काढला आणि जाड पत्रा टाकला. परवडत नाही म्हणत होतो ना? परवडला.

पाखऱ्या वाचला. पण पाय ओढतच राहिला, घाट त्याला पुन्हा दिसला नाही. त्या तिघांनी बबनला भर पारावर सुनावलं, की ज्याला जनावर नीट नेता येत नाही त्याने गाड्याचा नाद करू नये. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मी तिथेच होतो. त्यानंतर बबनने स्टिअरिंग धरलं नाही. हंगाम आला, ट्रॅक्टरमालक बोलवायला आले, त्याने नाही म्हणून सांगितलं. हात थरथरतात म्हणाला. आता दुसऱ्यांच्या रानात कामाला जातो. बैल मात्र विकला नाही. लंगडा बैल दावणीला ठेवून त्याला पोसतो.

हे सगळं त्या मेव्हण्याचं पाप, असंही मी कैक दिवस धरून चाललो होतो. पण त्याने मला फसवलं तेव्हा त्याने माझ्या डोळ्यांत बघून माझाच दोष मला दिला नव्हता. तेवढं त्याने केलं नव्हतं.

इथवर सांगितलं, आणि तुम्ही म्हणाल, घाबरला होता, तोंडून निघून गेलं. मीही तसंच म्हणायचो – मागच्या पोळ्यापर्यंत.

पोळ्याला मी त्याच्या गोठ्यात गेलो होतो. तो पाखऱ्याची शिंगं रंगवत होता. आम्ही दोघंच. रंगाची वाटी खाली ठेवून तो म्हणाला,

“दत्ता, येक विचारू? खरं सांग. मला काय केल्या आठवत न्हाई, मी खरंच जोरात व्हतो का रं?”

घाबरायचं तिथे काही नव्हतं. कुणी बघत नव्हतं, बैल तिथे उभा होता आणि माझा दोस्त मला सरळ विचारत होता. त्या स्पीडब्रेकरवर बबनने गाडी इतकी हळू घेतली होती की मागे मला मोटारसायकलवरून दोन्ही पाय जमिनीला टेकवावे लागले होते. जगात हे माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही.

“व्हतास,” मी म्हणालो. “जोरातच व्हतास.”

त्याने मान हलवली. बराच वेळ शिंगावरून हात फिरवत राहिला.

“बरं झालं सांगितलंस,” तो म्हणाला. “मदी मदी माझ्या मनात पाप यायचं, तुझ्या गाडीतच काय तरी खोट असंल म्हून. माफ कर मला.”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला माफ केलं.